आजीची जीभ कधी पाहिलीत?

म्हातारपणी तोंड यायचेच, असे म्हणून घरोघरी तूप नाहीतर काथ लावला जातो. मला हे पटत नाही. जीभ गुळगुळीत, लाल होऊन तिखट झोंबत असेल तर ब-१२ किंवा लोह कमी पडलेले असू शकते. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी, हे तर किती वेळा सांगायचे! पण खरी भीती न दुखणाऱ्या चट्ट्याची. मशेरी लावणाऱ्या एक आजी गालाच्या आतला पांढरा चट्टा वर्षभर लपवून होत्या. "दुखत नव्हते, मग तुम्हाला कशाला त्रास?" म्हणाल्या. तुकडा तपासला, कर्करोग निघाला. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दिसला, की डॉक्टरांना दाखवा. तुकडा काढल्याने रोग पसरतो, हा निव्वळ गैरसमज आहे.