सुगीची फेरी आणि आपली पाणंद



इंग्लंडात सुगी उरकत आली की सप्टेंबर-ऑक्टोबरात गावोगावच्या चर्चमध्ये 'हार्वेस्ट फेस्टिव्हल' होतो. आजच्या धर्तीचा हा सण कॉर्नवॉलमधील मॉर्वेनस्टो गावचे धर्मगुरू रॉबर्ट हॉकर यांनी 1843 साली सुरू केला. चर्चमध्ये कणसं, भोपळे, सफरचंदं मांडायची आणि देवाचे आभार मानायचे. आपल्या नवान्नासारखंच म्हणा. त्याच दिवसांत कित्येक चर्चची मंडळी एखाद्या सुटीला शिवार बघायला पायी निघतात. पोरंटोरं, काठी टेकत येणारे म्हातारे, सगळे. तीन-चार मैल चालायचं, वाटेत कुठं चहा घ्यायचा आणि परत फिरायचं.

यात ऊसवाल्यांनी काय बघायचं? ही माणसं चालतात कुठून, ते बघायचं. डांबरी सडकेनं नव्हे, लोकांच्या रानातून. पूर्व इंग्लंडात नॉरफोक भागात तेव्हा साखरेच्या बीटाची काढणी सुरू असते. तिथला कँटलीचा बीट कारखाना 1912 सालचा. बीटाच्या ऐन वावरातून वाट गेलेली असते आणि मालक कुणाला हुसकावत नाही. कायद्यानं त्याला ते करताच येत नाही. सार्वजनिक वाटांचे नकाशे करणं 1949 च्या कायद्यानं तिथल्या कौन्सिलांवर बंधनकारक झालं. 1990 च्या कायद्यानं आणखी पुढची पायरी गाठली. रानामधली पायवाट पेरणीसाठी नांगरली तर 14 दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची. पीक उभं असलं तरी किमान 1 मीटर वाट मोकळी पाहिजे. बांधाकडेच्या वाटेला तर नांगर लावायचाच नाही. सगळेच शेतकरी हे निमूट पाळतात असं नव्हे, कुरबुरी तिथंही आहेत. पण दरसाल पन्नास पावलं ज्या वाटेवरून जातात ती गिळायला माणूस कचरतो, असं आम्हाला वाटतं.

आता आपल्याकडं या. गावनकाशा काढून बघा. तुटक दुहेरी रेघेनं दाखवलेला गाडीमार्ग 16½ ते 21 फूट रुंद असायला हवा. जागेवर जाऊन बघाल तर एक बैलगाडी निघायची मारामार. पाणंद सरकारनं खाल्ली नाही, कारखान्यानंही नाही. दोन्ही अंगांनी दर नांगरटीला एकेक तास कोरत आपणच खाल्ली.

आमच्याकडं तक्रार येते ती मात्र 'टोळी येत नाही' अशी. टोळी येते हो! मुकादम वाट बघतो आणि माघारी जातो. कुठं टोळी शिरलीच, तर तोडणीवाल्या बायांनी डोक्यावर मोळ्या घेऊन चिखलातून सडकेपर्यंत यायचं, कारण ट्रॅक्टर आत जात नाही. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटतं, उताराही घसरतो. वजनाचं नुकसान एकट्याचं, उताऱ्याचं सगळ्यांचं; एफआरपी उताऱ्यावरच बांधलेली आहे.

कायदा आपल्याकडंही आहे. मामलेदार कोर्ट अधिनियम 1906 चं कलम 5 अडवलेल्या वाटेसाठी आहे, जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143 बांधावरून वाट मागण्यासाठी. दोन्हींसाठी तहसीलदाराकडं जावं लागतं. जरूर जावं. पण तारखा पडत राहतात आणि इकडं ऊस तुऱ्याला येतो. शिवाय भावकीत एकदा दावा लागला की पुढच्या पिढीचं बोलणं बंद.

म्हणून दसरा झाला की, मोळी पडायच्या आत, प्रत्येक गावच्या सभासदांनी एक दिवस शिवारफेरी काढावी. गावनकाशाची नक्कल, एक टेप आणि दोन्ही बाजूंचे मालक बरोबर पाहिजेत. जिथं अडेल तिथं जागेवरच बोलावं, खुंट्या ठोकाव्यात. अडलेल्या ठिकाणांची नोंद गट ऑफिसात द्यावी, म्हणजे तोडणीचा कार्यक्रम लावताना शेतकी विभागाला कळेल कुठं काय आहे.

आणि फेरीची सुरुवात पाणंदीला लागून रान असलेल्या संचालकांच्या बांधापासून करावी. आमच्यापैकीही एक-दोघांचं रान तसंच आहे. तिथं टेप आधी लावा.