१८१२ : 'अनिर्णित' युद्धात हरले कोण?

#धागा #इतिहास

१/ अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील १८१२ चे युद्ध अनिर्णित राहिले, असे सर्वत्र वाचायला मिळते. अमेरिकन अभिमान त्याला 'दुसरे स्वातंत्र्ययुद्ध' म्हणतो, कॅनडाचा अभिमान परतवलेल्या आक्रमणाची गाथा सांगतो, ब्रिटनला ते फारसे आठवतही नाही. या तिन्ही कथनांतून एक पक्ष गाळला गेला आहे, आणि युद्ध हरला तो तोच.

२/ आधी तक्रारी, कारण त्या खोट्या नव्हत्या. नेपोलियनशी झुंजणाऱ्या ब्रिटिश नौदलाला खलाशांची चणचण होती. फरारी ब्रिटिश खलाशी शोधण्याच्या निमित्ताने अमेरिकन जहाजे भर समुद्रात अडवली जात आणि हजारो अमेरिकन नागरिक सक्तीने नौदलात ओढले गेले. २२ जून १८०७ रोजी 'लेपर्ड' या ब्रिटिश नौकेने 'चेसापीक' या अमेरिकन युद्धनौकेवर तोफा डागून चार खलाशी उतरवून नेले. भरीस 'ऑर्डर्स इन कौन्सिल' या आदेशांनी तटस्थ देशांच्या युरोपीय व्यापाराचा गळा आवळला होता.

३/ पण युद्ध हवे होते कुणाला? १८ जून १८१२ रोजी युद्ध जाहीर झाले. प्रतिनिधीगृहात ७९ विरुद्ध ४९ आणि सिनेटमध्ये १९ विरुद्ध १३ अशी मते पडली. खलाशी व जहाजे ज्यांची, त्या कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंडच्या एकाही प्रतिनिधीने युद्धाला मत दिले नाही. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या केंटकी आणि टेनेसीचे प्रतिनिधीगृहातील सदस्य मात्र एकमुखाने युद्धाच्या बाजूने उभे राहिले.

४/ पक्षनिष्ठेचा भाग यात होताच. एकाही फेडरलिस्टाने युद्धाला होकार दिला नाही आणि पेनसिल्व्हेनियासारख्या राज्याने रिपब्लिकन पक्षाशी इमान राखले. तरीही केंटकीच्या शेतकऱ्याला बोस्टनच्या खलाशाचा एवढा कळवळा का यावा, याचे उत्तर केवळ पक्षनिष्ठेत सापडत नाही. ते जमिनीत सापडते.

५/ १८०९ च्या फोर्ट वेनच्या तहाने इंडियाना प्रदेशाचा गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन याने काही टोळीप्रमुखांकडून सुमारे ३० लाख एकर जमीन लिहून घेतली. शॉनी नेता टेकम्सेह याने ती विक्रीच अमान्य केली. भूमी सर्व मूलनिवासी राष्ट्रांची सामाईक आहे, कुण्या एकाला ती विकता येत नाही, हा त्याचा सिद्धांत होता. त्या पायावर तो अनेक राष्ट्रांचा संघ बांधत होता. ७ नोव्हेंबर १८११ रोजी टिपेकनूची लढाई झाली आणि हॅरिसनने संघाचे केंद्र असलेले प्रॉफेट्सटाउन जाळले. म्हणजे समुद्रावरील 'सन्माना'साठी युद्ध पुकारण्याच्या सात महिने आधीच सरहद्दीवर युद्ध पेटले होते.

६/ राष्ट्राध्यक्ष मॅडिसनच्या १ जूनच्या युद्धसंदेशातही सरहद्दीवरील मूलनिवासींच्या हल्ल्यांचा उल्लेख आहे. आणखी एक विपर्यास पाहा. ब्रिटनने 'ऑर्डर्स इन कौन्सिल' मागे घेतले ते जूनमध्येच. मात्र ती बातमी अटलांटिक ओलांडून आली तेव्हा युद्ध सुरू झालेले होते. मुख्य तक्रारींपैकी एक दूर झाली, तरी युद्ध थांबले नाही.

७/ कॅनडा घेणे म्हणजे नुसते चालत जाणे, असा जेफरसनसारख्या मुत्सद्द्याचा कयास होता. प्रत्यक्षात १६ ऑगस्ट १८१२ रोजी जनरल हल याने डेट्रॉइट शत्रूच्या हवाली केले. एप्रिल १८१३ मध्ये अमेरिकन सैन्याने यॉर्क, म्हणजे आजचे टोरांटो, येथील सरकारी इमारती जाळल्या. २४ ऑगस्ट १८१४ रोजी ब्रिटिशांनी वॉशिंग्टन पेटवले. दोन्ही राजधान्या पुन्हा उभ्या राहिल्या. खरे निकाल दुसरीकडे लागत होते.

८/ ५ ऑक्टोबर १८१३ रोजी थेम्स नदीकाठच्या लढाईत ब्रिटिश सैन्याची फळी लवकरच मोडली. टेकम्सेह लढत राहिला आणि मारला गेला. त्याच्यासोबत संघाची कल्पनाही संपली. दक्षिणेत २७ मार्च १८१४ रोजी हॉर्सशू बेंड येथे अँड्र्यू जॅक्सनच्या फौजेने क्रीक राष्ट्राच्या 'रेड स्टिक' गटाचे आठशेहून अधिक योद्धे मारले. ऑगस्टमधील फोर्ट जॅक्सनच्या तहाने क्रीकांची सुमारे २ कोटी ३० लाख एकर जमीन गेली.

९/ येथे एक नेहमीचा युक्तिवाद पुढे येतो: मूलनिवासींनी चुकीची बाजू निवडली, म्हणून ते बुडाले. मग योग्य बाजू निवडणाऱ्यांचे काय झाले? फोर्ट जॅक्सनला जमीन गमावणाऱ्यांत जॅक्सनच्या बाजूने लढलेले क्रीकही होते. हॉर्सशू बेंडला चेरोकी योद्धे त्याच्यासाठी नदी पोहून गेले होते. त्याच जॅक्सनने राष्ट्राध्यक्ष या नात्याने १८३० च्या इंडियन रिमूव्हल ॲक्टवर सही केली आणि १८३८ मध्ये चेरोकींना बंदुकीच्या धाकाने हुसकावण्यात आले. शत्रुत्व आणि मैत्री यांची किंमत एकच ठरली, कारण प्रश्न निष्ठेचा नव्हताच.

१०/ ब्रिटनही दोषमुक्त नाही. गेंटच्या वाटाघाटींत त्याने प्रारंभी मूलनिवासींसाठी स्वतंत्र प्रदेशाची मागणी केली. युद्ध महाग पडू लागताच ती सोडून दिली. २४ डिसेंबर १८१४ च्या तहाने युद्धपूर्व सीमा कायम केल्या. नवव्या कलमात मूलनिवासींना १८११ चे हक्क परत देण्याचे वचन होते, पण ते पाळले गेले नाही. सक्तीच्या नौदलभरतीचा, ज्यासाठी हे सारे घडल्याचे सांगितले जाते, तहात शब्दही नाही.

११/ स्वातंत्र्याची आणखी एक बाजू: सुमारे चार हजार गुलामांनी मालकांकडून पळून ब्रिटिशांचा आश्रय घेतला. कित्येक नोव्हा स्कोशिया आणि त्रिनिदादला स्थायिक झाले. 'दुसऱ्या स्वातंत्र्ययुद्धा'त त्यांना स्वातंत्र्य साम्राज्याच्या छावणीत मिळाले. अमेरिकेने त्यांची 'मालमत्ता' म्हणून भरपाई मागितली आणि १८२६ मध्ये ब्रिटनने १२,०४,९६० डॉलर देण्याचे कबूल केले.

१२/ या युद्धाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. ३० जून १८१५ रोजी, तहाला सहा महिने उलटल्यावर, सुंदा सामुद्रधुनीत अमेरिकेच्या 'पीकॉक'ने ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीनमधील 'नॉटिलस' या जहाजावर तोफा डागल्या. तह झाल्याचे नॉटिलसने सांगूनही निशाण उतरवण्याचा हट्ट सुटला नाही. युद्धातील ही अखेरची सागरी चकमक.

१३/ परिणामांचा हिशेब असा. फेडरलिस्ट पक्ष हार्टफर्ड अधिवेशनाच्या बदनामीतून सावरला नाही. कॅनडाला स्वतंत्र अस्मितेचे बीज मिळाले. ८ जानेवारी १८१५ च्या न्यू ऑर्लिन्सच्या विजयाने जॅक्सन आणि टिपेकनूच्या कीर्तीने हॅरिसन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. ज्या दोन सेनानींनी मूलनिवासींची सत्ता मोडली, त्यांनाच प्रजेने सर्वोच्च पद दिले. युद्ध कशासाठी होते, हे तेव्हाच्या मतदारांना नीट ठाऊक होते.

१४/ 'अनिर्णित' हा शब्द केवळ तहावर सह्या करणाऱ्यांच्या दृष्टीने खरा आहे. टेकम्सेहचा प्रतिनिधी गेंटच्या मेजावर नव्हता. मेजावर कोण होते, हे प्रत्येक तहाबाबत विचारावे. कुणाची जमीन त्या मेजाखालून सरकली, हे त्याआधी विचारावे.

(धागा समाप्त)