बरोबरच्या चिन्हाविरुद्ध

डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजव्या रकान्यात त्याचा चेक प्रतिशब्द आणि दोहोंच्या मध्ये बरोबरचे चिन्ह, या धर्तीचे तक्ते भाषांतराच्या आणि तौलनिक साहित्याच्या वर्गांतून निमूटपणे पाठ केले जातात. आमचा आक्षेप त्या चिन्हाला आहे. आणि तो सिद्ध करण्यासाठी, वरवर निरुपद्रवी वाटणारा एकच शब्दगट आम्ही येथे घेतो. तात्पुरत्या गोष्टींचा. 'टेम्पररी' म्हणजे 'दोचास्नी', 'प्रोव्हिजनल' म्हणजे 'प्रोझातीम्नी', 'ट्रान्झियंट' म्हणजे 'प्शेखोद्नी', 'एफेमरल' म्हणजे 'पोमीयिवी', 'फ्लीटिंग' म्हणजे 'प्र्खावी'. पाच ओळी, पाच जोड्या, हिशेब पूर्ण. हा हिशेब मराठी वाचकाने का तपासावा, असे कोणी विचारील. चेक साहित्य आपल्यापर्यंत बहुतांशी इंग्रजीच्या हातून येते, हे त्याचे साधे उत्तर. हाशेक, चापेक, कुंदेरा आपण वाचतो ते इंग्रजी फडताळातून काढून. त्या फडताळावर जे शब्द सपाट झाले, ते आपल्याकडे सपाटच पोहोचतात.

आता या शब्दांची घडण पाहू. 'दो' म्हणजे पर्यंत, 'चास' म्हणजे काळ. 'दोचास्नी' ते, जे कुठल्याशा काळापर्यंत आहे. कुठल्या, ते शब्द सांगत नाही. 'प्रोझातीम्नी'ची गोष्ट निराळी. 'प्रोझातीम' म्हणजे 'तूर्तास, दरम्यानच्या काळापुरते'. या शब्दाच्या मागे काहीतरी दुसरे यायचे आहे आणि सध्याची वस्तू केवळ त्याची जागा धरून बसली आहे, हे त्यात गृहीत आहे. 'प्शेखोद' म्हणजे ओलांडणे. रस्ता पायी ओलांडण्याच्या जागेलाही तोच शब्द, आणि व्याकरणात सकर्मक क्रियापदालाही 'प्शेखोद्नी'च म्हणतात, कारण तिथे क्रिया कर्त्याकडून कर्माकडे जाते. तेव्हा 'ट्रान्झियंट'समोर लिहिलेला हा शब्द एकाच वेळी इंग्रजीतल्या तीन-चार शब्दांचे काम करतो. उलट 'प्रोव्हिजनल' आणि 'इंटरिम' या दोन इंग्रजी शब्दांसाठी चेक माणूस अनेकदा एकट्या 'प्रोझातीम्नी'वर भागवतो. गंमत अशी की लॅटिनमधून आलेल्या 'इंटरिम'चा मूळ अर्थच 'दरम्यान' असा आहे. म्हणजे घडणीच्या दृष्टीने खरी जोडी ही, पण तक्त्यात शेजार मात्र 'प्रोव्हिजनल'चा.

एवढ्यावर कोणी म्हणेल, ही व्युत्पत्तीची करमणूक झाली. तसे नाही. या शब्दांना इतिहास आहे आणि तो इतिहास चेक वाचकाच्या कानात वाजत असतो.

प्रागमध्ये व्लतावा नदीच्या काठी 1862 साली एक नाट्यगृह उघडले. नाव अधिकृतपणेच 'प्रोझातीम्नी दिवाद्लो', म्हणजे तूर्तासचे नाट्यगृह. चेक भाषेचे भव्य राष्ट्रीय नाट्यगृह उभे राहीपर्यंत चेक नाटकाला आणि संगीताला आसरा हवा, एवढाच त्यामागचा हेतू. स्मेताना 1866 पासून तिथला प्रमुख संचालक होता. त्याच्या 'विकलेली वधू' या संगीतिकेचा पहिला प्रयोग त्याच वर्षी तिथे झाला. आणि वाद्यवृंदात व्हायोला वाजवणाऱ्यांत एक तरुण द्वोरझाक होता. राष्ट्रीय नाट्यगृह 1881 मध्ये उघडले, त्याच वर्षी जळाले, पुन्हा बांधून नोव्हेंबर 1883 मध्ये खुले झाले. या पुनर्बांधणीत जुनी तूर्तासची वास्तू नव्या वास्तूतच सामावून घेतली गेली. 'प्रोझातीम्नी' शब्दाने दिलेले वचन एकवीस वर्षांनी का होईना, अक्षरशः पाळले गेले.

त्याच शब्दात अपमानही असू शकतो. ब्रिटनने लंडनमधील बेनेशच्या निर्वासित सरकारला जुलै 1940 मध्ये मान्यता दिली ती 'प्रोव्हिजनल' सरकार म्हणून. पूर्ण मान्यतेसाठी जुलै 1941 पर्यंत थांबावे लागले. मधल्या वर्षभरात ते विशेषण सांगत होते की, तुम्ही जागा धरून बसला आहात, पण ती जागा तुमचीच आहे असे आम्ही अजून म्हटलेले नाही.

आता 'दोचास्नी'. 20 ऑगस्ट 1968 च्या रात्री वॉर्सा करारातील सैन्ये चेकोस्लोव्हाकियात घुसली. 16 ऑक्टोबरला प्रागमध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी, कोसिगिन आणि चेर्निक यांनी, एका करारावर सह्या केल्या. कराराचे शीर्षक होते: चेकोस्लोव्हाकियाच्या भूमीवर सोव्हिएत सैन्याच्या 'दोचास्नी पोबित'च्या अटींबाबत. 'पोबित' म्हणजे वास्तव्य, मुक्काम. आरोग्यस्नानाच्या गावी माणूस महिनाभर राहतो तोही पोबितच. रणगाड्यांना पाहुण्याचा शब्द मिळाला आणि त्याला विशेषण मिळाले ते अंताची तारीख न सांगणारे. करारात तारीख नव्हतीच. दोन दिवसांनी राष्ट्रीय सभेने 228 मतांनी तो संमत केला. दहा सदस्य तटस्थ राहिले आणि चार जणांनी विरोधात मत दिले. त्या चौघांत फ्रांतिशेक क्रिगेल होता, ज्याने ऑगस्टमध्ये मॉस्कोतील मसुद्यावरही सही नाकारली होती. 'दोचास्नी'चा अर्थ त्या चौघांना तक्त्याशिवाय कळला होता. शेवटचे सोव्हिएत सैनिक गेले ते जून 1991 मध्ये.

एकवीस वर्षे आणि जवळजवळ तेवीस वर्षे. काळ मोजला तर तूर्तासचे नाट्यगृह आणि तात्पुरते सैन्य यांत फारसे अंतर नाही. अंतर आहे ते शब्दांत: एकाने आपल्यानंतर काय येणार हे सांगितले, दुसऱ्याने मुद्दाम सांगितले नाही. आणि हे अंतर 'टेम्पररी'मध्ये मावत नाही. इंग्रजी भाषांतरात 'टेम्पररी स्टे' असे येते तेव्हा त्यात चूक काहीच नसते, आणि म्हणूनच ते अधिक घातक असते. वाचक न अडखळता पुढे जातो. सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांविषयीच्या चेक लेखनात एखादे पात्र नुसते 'दोचास्नी' म्हणते तेव्हा तिथे हशा असतो, किंवा शिवी असते. भाषांतरात तिथे शासकीय पत्रकातले एक फिकट विशेषण उरते.

नवशिक्याला कुठून तरी सुरुवात करावी लागते, तक्ता हा कुबडीसारखा आहे, असा बचाव आम्ही अनेकदा ऐकला आहे. कुबडीला आमची हरकत नाही. पण बरोबरचे चिन्ह विद्यार्थ्याला असे शिकवते की येथे विचार संपला. प्रतिशब्द ही भाषांतराची सुरुवात असते; तक्ता ती शेवट म्हणून देतो. ('एफेमरल'च्या बाबतीत तर सुरुवातही धड नाही. ग्रीक मूळ एका दिवसाच्या आयुष्याचे, आणि चेकमध्ये त्याच्या अगदी जवळचा शब्द आहे 'येपिची', म्हणजे दिवसभर जगणाऱ्या येपित्से या कीटकासारखा. तक्ते करणाऱ्यांना तो का दिसत नाही, कोण जाणे. 'मेकशिफ्ट'चे तर नावच काढायला नको.)

याच कराराचे शीर्षक मराठीत आणायचे झाले तर काय करणार? 'तात्पुरते' म्हणजे तेवढ्यापुरते. त्यात प्रयोजन दिसते आणि प्रयोजन संपले की वस्तू संपते, असा विश्वास दिसतो. 'हंगामी'त ऋतू आहे, म्हणजे शेवट निसर्गानेच ठरवलेला. 'अस्थायी' कचेरीतला शब्द. नोकरी अस्थायी असते आणि माणूस त्याच खुर्चीवर केस पिकवतो. आमचे मत 'अस्थायी वास्तव्य' या, कानाला रुक्ष वाटणाऱ्या, पर्यायाला आहे, कारण त्यात निदान कचेरीचा कावा ऐकू येतो.

त्या वर्षांतला एक चेक विनोद असा: तात्पुरतेपणाचे एकक कोणते? एक फुर्त. 'फुर्त' हा जर्मनमधून आलेला बोलीतला शब्द, अर्थ 'सारखे, न थांबता'. तक्त्यात तो सापडणार नाही. मराठीत तिथे 'सारखे' ठेवावे, 'कायम' ठेवावे की 'सदानकदा', यावर आमच्यात अजून एकमत नाही.