ज्ञानेश्वर एकच, कोड दोन

परवा एका ऑफिसातून बाबांचा फॉर्म परत आला. एका कागदावर डी-एन-वायवालं ज्ञानेश्वर, दुसऱ्यावर जी-वायवालं. म्हणे, माणसं दोन, अ‍ॅफिडेव्हिट आणा!

मंडळी, चूक बाबांची नाही, आपली, इंजिनियरांची आहे. १९१८ साली अमेरिकेत पेटंट झालेलं साउंडेक्स डेटाबेसात आयतं मिळतं, म्हणून आपण डोळे मिटून वापरतो. ते पहिलं रोमन अक्षर तसंच ठेवतं आणि पुढचे स्वर गाळतं. मग डी आणि जी जुळणार कसे? उलट जोशी आणि जोग दोघांचाही कोड जे२००! पुण्यात हे चालेल?

नाव देवनागरीतही साठवा. नाहीतर दोन्ही स्पेलिंगांना 'ज्ञ' मानायचा नियम तरी लिहा. दोन ओळींचं काम आहे. तेवढ्यासाठी म्हाताऱ्या माणसाला कोर्टाच्या पायऱ्या कशाला?