ठोका कुणाचा, नाव कुणाचं?

गेल्या ३१ डिसेंबरला मी नागावच्या किनाऱ्यालगत एका बंगल्याच्या मागच्या अंगणात उभा होतो. पाहुणा म्हणून नाही. माझा चुलतभाऊ एका साऊंडवाल्याकडं रोजावर जातो, खोकी उचलायला माणूस कमी पडला म्हणून मी गेलो. पुढं स्विमिंग पूल, मुंबईहून रो-रोनं आलेल्या गाड्या आणि हाऊस म्युझिक. मागं आम्ही सहाजण, कागदी प्लेटीत गार पुलाव. "पुढं येऊ नका, पाहुणे आहेत," असं मालकाचा माणूस दोनदा सांगून गेला. जिल्हा तोच, ज्यात चवदार तळं आहे.

गंमत अशी की जे वाजत होतं ते कुणाचं, हे त्या नाचणाऱ्यांतल्या एकालाही ठाऊक नसावं.

दोस्तांनो, हे हाऊस बंगल्यात जन्मलेलं नाही. शिकागोत १९७७ साली वेअरहाऊस नावाचा क्लब निघाला. फ्रँकी नकल्स हा काळा डीजे तिथं वाजवायचा. नाचायला यायची ती काळी आणि लॅटिनो पोरं, त्यातली कितीतरी समलिंगी. म्हणजे समाजानं हाकललेली आणि वर घरानंही हाकललेली. (इथं आपलेही काही पुढारी नाक मुरडतील. मुरडू देत.) त्याच शहरात १२ जुलै १९७९ ला बेसबॉलच्या मैदानात गोऱ्या पोरांच्या झुंडीसमोर डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटानं उडवल्या. आपण १९२७ ला महाडला एक पोथी जाळली, माणसाला माणूस न मानणारी. त्यांनी उडवला दुसऱ्यांचा नाच. दोन्हीकडं आग, पण आगीआगीत फरक असतो.

आणि शिकागोतच १९६८ साली पोर्तो रिकोच्या पोरांनी ब्लॅक पँथरचं बघून यंग लॉर्ड्स उभी केली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कात. मग १९७२ ला मुंबईत आपली दलित पँथर. म्हणजे नात्यानं आपण भावंडं लागतो.

त्याच पोर्तो रिकन वस्तीतला, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला लुई वेगा. जन्म १९६५. मामा-काका काय म्हणायचं ते म्हणा, पण साल्साचा मोठा गायक हेक्तोर लावो त्याच्या घरातला. पोरगं क्लबात रेकॉर्डी वाजवत मोठं झालं. ब्रुकलिनच्या केनी गोन्झालेसबरोबर 'मास्टर्स ॲट वर्क' ही जोडी जमवली. १९९७ ला दोघांनी 'न्यूयॉरिकन सोल' ही रेकॉर्ड काढली. तिच्यात काय केलं? तीतो पुएन्ते, एडी पाल्मिएरी असले जुने खोड स्टुडिओत आणून बसवले. खरा माणूस, खरं वाद्य, आणि नावं ठळक छापलेली. २००६ ला वेगाला रिमिक्सचं ग्रॅमी मिळालं. मला त्या ग्रॅमीचं फार कौतुक नाही. कौतुक याचं, की ज्याच्या ठोक्यावर आपण उभे, त्याला त्यानं पुसलं नाही.

आता आपल्याकडं या.

१७३९ साली साऊथ कॅरोलिनात गुलामांनी ढोल बडवत उठाव केला. पुढच्याच वर्षी कायदा करून त्यांच्या हातातले ढोल काढून घेतले. आपलं उलटं. इथं डफ, हलगी गळ्यात बांधली. गावाचं लग्न, गावाचा सण, वाजव म्हणलं की वाजवायचं, उष्ट्या तुकड्यावर. महाडला बाबासाहेबांनी बजावलं, मेलेलं ओढू नका, उष्टं खाऊ नका. १९५६ नंतर कितीतरी वाड्यांनी गावकीचं वाजवणंही टाकलं. आणि धरलं काय? जलसा. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप. उमप २०१० ला नागपुरात दीक्षाभूमीवर मंचावर कोसळले ते उठलेच नाहीत. वाजवणं तेच, पण आता मर्जी आपली. एवढा फरक करायला पिढ्या गेल्या.

म्हणून जयंतीच्या डीजेवर कुणी शहाणपणा शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. रात्री १० नंतर बंद, वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, २००० सालचे नियम मला पाठ आहेत. आमच्या मिरवणुकीला पावणेदहालाच गाडी येऊन उभी राहते. त्या बंगल्यावर पहाटे तीनपर्यंत कुणी फिरकलं नाही. आणि आवाजाची भीती खरी कुणाला? मे २०१५ मध्ये शिर्डीत सागर शेजवळ या पोराला मारून टाकलं. त्याचा गुन्हा काय, तर खिशातल्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली. तिचे कुठले आलेत डेसिबल?

पण भावांनो, आपलंही थोडं उघडं करतो. वर्गणीतला निम्माअधिक पैसा बॉक्स आणि लायटिंगवर जातो, वाडीतल्या अभ्यासिकेचा पंखा मात्र दोन वर्षं बंद. म्हातारी माणसं कान धरून घरात बसतात. आणि डीजेवाला गाणं तोडतो, जोडतो, वर स्वतःचं नाव बारा वेळा ओरडतो. वामनदादांचं एकदाही नाही. बंगल्यातल्यांना वेगा ठाऊक नाही म्हणून मी हसलो, अन् आपल्या ट्रकवर तरी काय वेगळं चालतं? डीजे बंद करा असं मी म्हणणार नाही. तो धंदा आपल्या पोरांचा आहे, मशीन त्यांच्या हातात आहे, ती राहू दे. फक्त गाणं सुरू करायच्या आधी माईकवर सांग ना लेका, कुणी लिहिलं, कुणी गायलं.

२० मार्चला महाडला जाणाऱ्या आमच्या टेम्पोवर तशी पाटी लावायचं मी आणि चुलतभावानं ठरवलं. लिहायला बसलो, तर सहातल्या चार गाण्यांचे कवी आम्हालाच सांगता येईनात. शेवटी त्यानं आईला फोन लावला. तिला तीन आठवले.