आधी पडणे, मग पाडणे
सातारा-सांगलीच्या पट्ट्यात ज्युदोच्या वर्गाला येणारा मुलगा क्वचितच कोरा असतो. गावच्या तालमीतली लाल माती त्याच्या अंगाला लागलेली असते. मान घट्ट, पकड पक्की, तोलही चांगला. प्रशिक्षकाला त्यामुळे काम सोपे वाटते आणि पडण्याचा सराव दोन दिवसांत उरकला जातो. हे थांबायला हवे.

कुस्तीत पाठ लागली की निकाल लागला. म्हणून पैलवान पडता पडता अंग फिरवतो, पालथा होतो किंवा हात टेकवतो. वर्षानुवर्षे मुरलेली ही सवय ज्युदोत मनगट, कोपर, खांदा निकामी करू शकते. उकेमीत, म्हणजे ज्युदोतल्या पडण्याच्या तंत्रात, याच्या उलट करायचे असते: हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, श्वास बाहेर आणि पूर्ण हाताची थाप मॅटवर. डोके टेकता कामा नये. जपानच्या शाळांमध्ये १९८३नंतरच्या तीन दशकांत ज्युदो करताना शंभराहून अधिक मुले दगावली. त्यांत डोक्याला मार बसलेले आणि पहिल्याच वर्षाचे नवखे मोठ्या संख्येने होते. सरळ मागे आपटणारी ओसोतो गारी म्हणूनच उशिरा आणि जाड गादीवर शिकवावी. पाडणाऱ्यानेही जोडीदाराची बाही शेवटपर्यंत सोडू नये.

डावांची ओळख मात्र उपयोगी पडते. धोबीपछाड येणाऱ्याला इप्पोन सेओई नागे ही खांद्यावरून फेक लवकर उमगते. कलाजंगाचे तसे नाही. त्यात पायाला हात जातो. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने २०१०मध्ये थेट पाय धरण्यावर दंड लावला आणि २०१३पासून उभ्या लढतीत ही पकड बंदच केली. पाय धरून पट काढण्याची ऊर्मी रांदोरीत, म्हणजे मोकळ्या सराव लढतीत, पुन्हा पुन्हा उसळते, ती उचिकोमीच्या, म्हणजे न पाडता डाव घोटण्याच्या, संथ आवर्तनांतच मोडावी लागते. नव्या नियमांची अडचण जुनीच आहे: गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांना १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम, दोन्ही नवे होते. तिथे ते सहावे आले आणि १९५२मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. मातीतली मेहनत वाया जात नाही, पण नियमांची सवय वेगळी करावी लागते.

गळा आवळण्याचे डाव पैलवानाला सर्वांत परके, कारण फ्रीस्टाईल कुस्तीत ते नियमबाह्य आहेत. ओकुरी एरी जिमेसारख्या डावात कॉलरचा दाब मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांवर यावा, श्वासनळीवर नव्हे. डाव नेमका बसला तर सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपू शकते. त्याआधी जोडीदाराच्या अंगावर दोनदा थाप मारायची; हात अडकले असतील तर पायाने मॅटवर थाप द्यायची किंवा ओरडायचे. इथेच अभिमान आड येतो. थाप म्हणजे हार, असे मानणारा मुलगा दात आवळून पडून राहतो. प्रशिक्षकाने त्याला पहिल्याच दिवशी उलट बजावावे आणि सरावात दाब हळूहळू वाढवायला लावावा. लहान मुलांना हे डाव शिकवूच नयेत. जपानमध्ये प्राथमिक वयोगटाला ते वर्ज्य आहेत.

जोडीदाराचा हात सैल पडला तर थापेची वाट न पाहता पकड सोडावी. मुलाला सपाट झोपवून श्वास चालू असल्याची खात्री करावी आणि तो पूर्ण भानावर येईपर्यंत कुणीतरी जवळ बसावे. त्या दिवशी त्याला पुन्हा मॅटवर उतरवू नये, डॉक्टरांना दाखवावे आणि घरच्यांना सांगावे.