फादर स्टॅन स्वामी आणि आपल्या वस्तीतले कच्चे कैदी

भीमा कोरेगावला आपण दरवर्षी १ जानेवारीला मानवंदना द्यायला जातो. फादर स्टॅन स्वामी तिथे कधीच गेले नव्हते. अटकेपूर्वीच्या चित्रफितीत त्यांनी ते स्वतः सांगितले होते. तरीही एल्गार परिषद प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी एनआयएने या ८३ वर्षांच्या कॅथलिक धर्मगुरूंना रांचीत अटक केली. कल्याण-शीळ रस्त्याने पनवेलकडे जाताना तळोजा लागते, तिथल्या तुरुंगात त्यांना ठेवले होते. कंपवातामुळे हात थरथरायचे. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तेव्हा खटला सुरूही झाला नव्हता.

पेल्याची गोष्ट आपल्यातल्या अनेकांना माहीत आहे. त्यांचे काम मात्र थोड्यांनाच माहीत आहे. झारखंडमध्ये नक्षलवादी ठरवून तुरुंगात डांबलेल्या आदिवासी तरुणांना ते शोधत होते. अशा १०२ कच्च्या कैद्यांची माहिती गोळा करून त्यांनी २०१६ मध्ये अहवाल काढला, पुढे उच्च न्यायालयातही धाव घेतली. कोण आत आहे, किती दिवस आहे, वकील आहे का, हे एकेका घरी जाऊन विचारण्याचे हे काम होते. त्यात प्रसिद्धी नव्हती.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत. ३ जानेवारी २०१८ च्या बंदनंतर मुंबई-ठाणे पट्ट्यातल्या अनेक भीमसैनिकांवर गुन्हे दाखल झाले. पोलीस पडताळणीची वेळ आली की अशा गुन्ह्याचे ओझे कळते. ठाणे कारागृहात आणि कल्याणच्या आधारवाडीत आपल्या वस्त्यांतली किती पोरे आहेत, याची यादी आपल्यापैकी कोणाकडे आहे?

कायद्यात वाट आहे. कोठडीतल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेला कच्चा कैदी जामिनाला पात्र ठरतो. आधी कधीच शिक्षा झालेली नसेल, तर एक तृतीयांश काळ पुरतो. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही आणि एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तरही अडचण येते. असा अर्ज तुरुंग अधीक्षकानेच न्यायालयाकडे करायचा असतो. पण बाहेर विचारणारे कोणी नसेल, तर तो कागद हलतो का?

बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानातील कलम २२ अटक झालेल्याला वकिलाचा हक्क देते. तो हक्क कोठडीपर्यंत पोहोचवण्यासाठी एका धर्मगुरूने उतारवय खर्च केले. आपल्याकडे विहारे आहेत, मंडळे आहेत, वकिली शिकलेली मुले-मुली आहेत. येत्या रविवारी वंदनेनंतर एक वही उघडा आणि वस्तीतल्या कच्च्या कैद्यांची नावे लिहायला घ्या. फादरांना अभिवादन म्हणून तेवढे पुरे.

जयभीम!